जिला सांगण्यात आलं होतं

अप्पांचा वर्ग ओसरीवर भरायचा. कुंभकोणमच्या आमच्या गल्लीतून कावेरीच्या घाटाकडं जाणारी माणसं दोन्ही बाजूंच्या ओसऱ्यांवर सहज नजर टाकत जात. आमच्या दारापाशी मात्र त्यांची पावलं जरा हळू होत, कारण तिथं मांडी घालून बसलेली मोठमोठी मुलंमुली एका सुरात इंग्रजी वाक्यं म्हणत असायची. अप्पांना कायमची नोकरी अशी कधी मिळाली नाही. एका खाजगी शाळेत काही वर्षं शिकवलं, ती शाळा बंद पडली, आणि मग बारावीच्या इंग्रजीत नापास झालेल्यांना पास करून देणं हाच त्यांचा धंदा झाला. समोर पितळी भांडी घडवणाऱ्यांची घरं होती. दुपारभर त्यांचे हातोडे चालत. संध्याकाळी ते थांबले की अप्पांचा आवाज एकदम मोठा वाटायचा, जणू इतका वेळ ते आमच्यापाशी कुजबुजतच होते. घर आमचं नव्हतं. इन्नंबूरच्या वाटेवर ज्यांची भाताची गिरणी होती त्यांचं होतं. सगळे त्यांना मुदलाळी म्हणत, म्हणजे मालक. त्यांचा थोरला मुलगा अप्पांच्या हाताखाली पास झाला होता, त्या आठवणीवर त्यांनी आम्हाला नावापुरत्या भाड्यात राहू दिलं होतं. पोंगलला त्यांच्याकडून नवा तांदूळ यायचा, आणि अम्मा तो पहिल्यांदा देवासमोर ठेवून मगच डब्यात ओतायची.

स्वयंपाकघरात आम्ही मराठी बोलायचो. उंबरा ओलांडला की तमिळ. आमचे पूर्वज तंजावरच्या राजांबरोबर आले आणि इथलेच झाले, एवढंच मला ठाऊक होतं. त्यापुढचं कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. अम्मा रसवांगी करायची, वांग्याची, चिंचेच्या कोळात, वर भाजलेल्या खोबऱ्याचं वाटण घालून. उडदाच्या पिठाचं डांगर ताकात कालवायची. रविवारी कोपऱ्यावरच्या खानावळीतून डोशाबरोबर खायचा कडप्पा आणला जाई, तो बटाट्याचा आणि मुगाच्या डाळीचा दाट रस्सा, त्याचा वास अजून माझ्या नाकात आहे. आता मी पुण्यात राहते. इथं आल्यावर पहिल्यांदा कचेरीत मी सहज म्हटलं, ‘मज ठाऊक नाही,’ तर शेजारच्या टेबलावरची बाई हसून म्हणाली, की तुम्ही मराठी बखरीतून शिकलात का. मी तेव्हापासून ‘मला माहीत नाही’ म्हणते. पण रागानं किंवा भीतीनं काही तोंडातून आलं तर ते अम्माच्याच मराठीत येतं.

सेल्वी आमच्याकडं आली तेव्हा मी दहावीत असेन, ती माझ्याहून तीन-चार वर्षांनी मोठी. मुदलाळींच्याच गिरणीत ती कामाला होती. उकडलेलं भात अंगणात पसरायचं, पायानं फिरवत राहायचं, वाळलं की ढीग करायचा. तिची आई पाक्कियम तिथंच, आणि आईचा धाकटा भाऊ मुरुगेसन तिथला मेस्त्री, म्हणजे टाक्या आणि वाफेचे नळ त्याच्या हाताखाली. वडील नव्हते. बहीण-भाऊ एकाच घरात राहत, आणि मुरुगेसनला तीन मुली. सेल्वी इंग्रजीत नापास झाली होती. तेवढा एक विषय सुटला तर नर्सिंगला जाता येईल म्हणून काम सुटलं की बसनं कुंभकोणमला यायची. केसात तूस अडकलेलं असायचं आणि अंगाला उकड्या भाताचा तो गोडसर, थोडा आंबूस वास. अम्मा तिला ओसरीवरच कॉफी द्यायची, काचेच्या ग्लासातून, आणि आम्ही घरातले पितळी डवऱ्यातून, म्हणजे वाटी-पेल्याच्या जोडीतून, प्यायचो. सेल्वीनं ते पाहिलं नसेल असं नाही. ग्लास विसळून ती स्वतःच खिडकीत पालथा घालायची. त्याविषयी आमच्यात कधी एक अक्षर निघालं नाही.

मला ती फार आवडायची. ती हसायला लागली की थांबायची नाही, आणि अप्पांसमोर हसू दाबायला पदर तोंडात कोंबायची. तिला सगळं व्याकरण जमलं, फक्त एक गोष्ट जमेना, आणि तीच नेमकी अप्पांची लाडकी. हू आणि विच लावून केलेली कर्मणी उपवाक्यं. द बॉय हू वॉज बीटन. द हाउस विच वॉज सोल्ड. आपल्याकडं विशेषण नामाच्या आधी येतं, मारलेला मुलगा, विकलेलं घर. इंग्रजीत नाम आधी सांगून टाकायचं आणि मग मागं वळून त्याचं काय झालं ते सांगायचं. सेल्वीची वाक्यं कायम उलटी व्हायची. अप्पा तिच्यावर कधी चिडले नाहीत. ते फळ्यावर तमिळ लिहीत, ‘अडिच्च पैयन’, आणि विचारत, की हा मारणारा मुलगा की मार खाल्लेला. दोन्ही अर्थ होतात. पुढचंमागचं ऐकल्याशिवाय कळत नाही. मग इंग्रजी लिहीत आणि म्हणत, बघा, इथं शंकेला जागाच नाही. त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे यायचं ते मी देवळातसुद्धा पाहिलं नाही. बोलताना इंग्रज माणूस असं बोलत नाही, ते सांगत, हे लिहिण्याचं इंग्रजी आहे. सरकारी कागद, शास्त्राची पुस्तकं, वर्तमानपत्रं यांत ते पानोपानी दिसेल. आणि एक नियम ते पुन्हा पुन्हा म्हणत. वाचणाऱ्याला जे आधीच ठाऊक आहे, ज्याविषयी वाद नाही, ते हू-विचमध्ये घालायचं. जे नवं सांगायचं ते मुख्य क्रियापदात.

सेल्वीला अपघात झाला तो भर दुपारी. भात उकडायच्या टाकीजवळचा वाफेचा जोड सुटला आणि ती समोर होती. तिला तंजावरच्या इस्पितळात नेलं. दोन-तीन दिवस ती होती, मग गेली, असं म्हणतात. अप्पा एकदा जाऊन आले आणि आल्यावर त्यांनी सदरा न काढताच विहिरीवर बादलीमागून बादली डोक्यावर ओतली. मला नेलं नाही. त्यानंतर वर्ग भरला तेव्हा तिची जागा कुणी भरून काढली नाही. मुलं नकळत दोन्ही बाजूंना सरकून बसली होती आणि मधे चटईचा तुकडा मोकळा राहिला होता. अप्पांनी त्या दिवशी शिकवलं, पण काय शिकवलं ते मला आठवत नाही.

दिवसकार्य झालं असेल-नसेल, मुदलाळी आमच्याकडं आले. ते वाईट माणूस नव्हते, हे मला आजही लिहावंसं वाटतं. इस्पितळाचा खर्च त्यांनी केला होता, आणि ओसरीवर बसल्यावर पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांनी काम सांगितलं. कारखान्यांच्या निरीक्षकाला अपघाताचा अहवाल द्यायचा होता, चांगल्या इंग्रजीत. टायपिंग ते दुसरीकडून करून घेणार होते, अप्पांनी फक्त मजकूर करायचा. ते तमिळमधून सांगत गेले आणि अप्पा कच्च्या कागदावर लिहीत गेले. मी आतल्या दारापाशी अभ्यास करत बसले होते. मुदलाळी म्हणाले, की टाकीजवळ जाऊ नको असं तिला सांगितलेलं होतं, तरी ती गेली. अप्पांचं पेन थांबलं. त्यांनी विचारलं, की कुणी सांगितलं होतं. मुदलाळी जरा वेळ गल्लीकडं बघत राहिले. मग म्हणाले, की कुणीतरी सांगितलं असेलच, गिरणीत हे सगळ्यांना सांगतातच. अप्पांनी मान हलवली आणि पेन पुन्हा चालू झालं.

ते गेल्यावर अप्पांनी मला हाक मारली. त्यांची सवयच होती ती. काही लिहिलं की मला वाचून दाखवायचे, कुठं अडखळतंय का ते बघायला. त्यांनी वाचलं: ‘द डिसीज्ड, हू हॅड बीन टोल्ड नॉट टु गो निअर द टँक, वॉज स्काल्डेड बाय द स्टीम दॅट वॉज रिलीज्ड.’ मृत कामगार, जिला टाकीजवळ न जाण्याविषयी सांगण्यात आलं होतं, ती सुटलेल्या वाफेनं भाजली. वाक्य कुठंही अडखळत नव्हतं. इतकं सुरेख वाक्य, आणि त्यात सेल्वी होती, हे मला एकाच वेळी कळेना. मी विचारलं, ‘कोणी सांगितलं होतं तीस?’

अप्पा कागदाकडं बघत म्हणाले, ‘वाक्यास त्याची गरज नाही.’

चुलीपाशी अम्मा काही निवडत होती. तिचे हात थांबले एवढं मला दिसलं. तिला इंग्रजी येत नव्हतं, पण माझा प्रश्न आणि त्यांचं उत्तर मराठीत होतं.

आता या वयात मला अप्पांचं मन थोडंफार समजतं. त्यांनी खोटं लिहिलं नव्हतं, असं त्यांना वाटलं असणार, कारण त्यांनी कुणाचंच नाव लिहिलं नव्हतं. आम्ही मुदलाळींच्या घरात राहत होतो हेही होतंच, पण तेवढंच नव्हतं. वाक्य बसत गेलं की अप्पांना थांबता यायचं नाही. मी पुण्यात ज्या कचेरीत काम करते तिथं दिवसभर लोकांचे इंग्रजी अहवाल तपासत असते. संगणक आता अशा कर्मणी वाक्यांखाली आपण होऊन निळी रेघ ओढतो. तरुण मुलं ती रेघ दिसली की वाक्य मुकाट बदलतात. मी बदलत नाही. आधी लिहिणाऱ्याला फोन करते आणि विचारते, की हे कुणी केलं. बहुतेकदा त्यांना ठाऊक नसतं, आणि माझं विचारणं त्यांना आवडत नाही. मराठीतही हे काही कमी नाही. ‘सूचना देण्यात आली होती’ हे मी सकाळी वर्तमानपत्रात वाचते तेव्हा चहा तसाच राहतो.

काही आठवडे गेले. एका सकाळी पाक्कियम आमच्या दारात उभी होती. ती याआधी कधी आली नव्हती. गुंडाळी केलेला एक कागद तिनं पदराच्या गाठीतून काढला. चौकशी होणार होती, तिलाही बोलावलं होतं, आणि कचेरीतल्या शिपायानं तिला अहवालाची नक्कल दिली होती. शिपाई म्हणाला होता, की यात तुझ्या पोरीचीच चूक लिहिली आहे. तिला ते खरं वाटलं नव्हतं. इंग्रजी येणारं तिच्या ओळखीचं एकच माणूस होतं, तिच्या मुलीचे वाद्यार. आमच्याकडं मास्तरांना वाद्यार म्हणतात. ती ओसरीच्या पायरीवर बसली आणि म्हणाली, की जसं लिहिलंय तसं वाचा, मला बरं वाटावं म्हणून काही बदलू नका.

कागद टाइप केलेला होता. तो अप्पांचा आहे हे तिला कळायला काही मार्ग नव्हता. अप्पांनी चष्मा लावला, काढला, पुसला, पुन्हा लावला. मग ते वाचू लागले, एकेक इंग्रजी वाक्य आणि मग त्याचं तमिळ. त्या वाक्याशी आल्यावर त्यांनी पुस्तकी तमिळ वापरलं, कुणी कधी तोंडानं बोलत नाही तसं. ‘सोल्लप्पट्टिरुन्द’, जिला सांगण्यात आलेलं होतं.

पाक्कियमनं त्यांना थांबवलं. ‘वाद्यार, हे काय म्हणालात? सांगितलं, का नाही सांगितलं?’

‘सांगितलं होतं, असं लिहिलंय.’

‘कुणी?’

‘ते लिहिलेलं नाही.’

समोर हातोडे चालू होते. मग तिनं झालं ते सांगितलं, अगदी सरळ, आवाज न चढवता. ती स्वतः अंगणात भात फिरवत होती. मुरुगेसननं टाकीकडून हाक मारली, नळ गळतोय, इकडं ये, जरा धरून ठेव. सेल्वी जवळ होती म्हणून सेल्वी गेली. लांब असती तर मी गेले असते, ती म्हणाली. जाऊ नको असं कुणी म्हणालं नाही. ये असं म्हणाले. भावाचा तिला राग नव्हता. त्यालाही वरून कुणी सांगितलं असेल, गिरणी थांबवायची नाही म्हणून. पण पोरीला सांगितलं होतं आणि तिनं ऐकलं नाही, हे तिला कागदावर नको होतं. ती अप्पांना म्हणाली, ‘मला इंग्रजीत एक अर्ज लिहून द्या. कुणी सांगितलं त्याचं नाव लिहा, एवढंच विचारा. नाव कुठून आणतील? नावच नाही तर.’

अम्मा कॉफी घेऊन बाहेर आली. तिनं ती आमच्या डवऱ्यातून आणली होती. पाक्कियमनं ती घेतली, पण प्यायली नाही.

अप्पांनी तो अर्ज लिहिला. आपल्याच वाक्याला त्यांनी प्रश्न विचारला, बाय व्हूम, आणि खाली पाक्कियमचा अंगठा घेतला. ती गेल्यावर अम्मानं त्यांना विचारलं, ‘तीस सांगितलंत का, तें तुम्ही लिहिलंत म्हणून?’ अप्पा नाही म्हणाले. ‘कधी सांगणार?’ अम्मानं विचारलं. अप्पा उठून घाटाकडं गेले. त्या रात्री आमच्याकडं कुणी धड जेवलं नाही. दुसऱ्या दिवशी अप्पांना बरंच हलकं वाटत होतं, असं मला आठवतं. त्यांनी वर्गात एक विनोदही केला. त्यांना वाटत होतं, की कागदानं केलेलं कागदानंच निस्तरता येईल. नाव विचारलं जाईल, नाव निघणार नाही, आणि वाक्य आपोआप पडेल.

चौकशी गावातल्याच एका सरकारी कचेरीत होती. अप्पांनी मला बरोबर घेतलं; का, ते सांगितलं नाही. लांब खोली, वर फिरणारा पंखा, भिंतीला टेकवलेली बाकं. अधिकारी तरुण होते आणि सभ्य होते. मुदलाळी पहिल्या बाकावर, त्यांच्या मागं मुरुगेसन कडक इस्त्रीच्या पांढऱ्या वेष्टीत, म्हणजे लुंगीसारख्या धोतरात. पाक्कियम दाराजवळ उभी होती. बस म्हटलं तरी बसली नाही. अधिकाऱ्यांनी आधी अहवाल वाचला, मग तिचा अर्ज. वाजवी प्रश्न आहे, ते म्हणाले, आणि त्यांनी मुदलाळींकडं पाहिलं. मुदलाळींनी मागं न बघताच मुरुगेसनकडं हात केला.

मुरुगेसन उभा राहिला. ‘मी सांगितलं होतं,’ तो म्हणाला. ‘टाकीकडं जाऊ नको म्हणून. मामा म्हणून सांगितलं, मेस्त्री म्हणूनही सांगितलं.’

पाठ केलेलं होतं, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला कळलं असणार. मी पाक्कियमकडं पाहिलं. ती भावाकडं बघत होती आणि तो टेबलाच्या कडेकडं. तेवढ्यात माझ्या शेजारून अप्पा उठले. वर्गात कधी तोंडून न निघणाऱ्या साध्या, घरगुती तमिळमध्ये ते म्हणाले, ‘साहेब, हा अहवाल मी लिहिलाय. लिहिला तेव्हा त्यात नाव नव्हतं. कुणी सांगितलं म्हणून मी विचारलं होतं. मुदलाळींना नाव सांगता आलं नाही. ही जागा मी रिकामी ठेवली. ती आज भरलीय.’

अधिकाऱ्यांनी अप्पांना नाव विचारलं, काय करता ते विचारलं, आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, ‘पण आता तर नाव मिळालं ना, वाद्यार?’ मग ते पाक्कियमकडं वळले. तुमचा भाऊ म्हणतो त्यावर तुम्हाला काही सांगायचंय का, त्यांनी विचारलं. सगळे तिच्याकडं बघत होते. तिनं एकदा अप्पांकडं पाहिलं, एकदा भावाच्या त्या इस्त्रीच्या वेष्टीकडं. एक घर, एक चूल, आणि त्या चुलीवर जेवणाऱ्या तीन मुली.

‘तो सांगतोय तर सांगितलं असेल,’ ती म्हणाली.

बाहेर रस्त्यावर ती अप्पांसमोर येऊन उभी राहिली. ‘तुम्ही लिहिलं होतं?’ तिनं विचारलं. अप्पा हो म्हणाले. ती म्हणाली, की त्या दिवशी मला वाचून दाखवताना तुमचा आवाज असा का येत होता, ते आत्ता कळलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. इन्नंबूरची बस आली. मुरुगेसन आधी चढला आणि खिडकीतून हात बाहेर काढून त्यानं तिच्यासाठी जागा धरली. ती चढली आणि त्याच्या शेजारी जाऊन बसली.

गिरणीवर काही दोष आला नाही. टाकी दुरुस्त झाली की नाही मला ठाऊक नाही. चालू मात्र लगेच झाली. मुदलाळींनी आम्हाला जा असं कधी म्हटलं नाही. धाकट्या मुलाचं लग्न ठरलंय, त्याला घर लागेल, असं त्यांच्या माणसाकरवी कळवलं, आणि आम्ही तिरुनागेश्वरमला देवळामागं दोन खोल्यांत राहायला गेलो. तिथं दिवसभर यात्रेकरूंची वर्दळ, सकाळ-संध्याकाळ नादस्वरम्, आणि खोल्यांत उजेड कमी. अप्पांचे विद्यार्थी इतक्या लांब येईनात. जे दोघं-तिघं आले त्यांना ते शिकवत, पण आता कागदावरचं वाक्य मोठ्यानं वाचायला लागले की मधेच थांबत, आणि पुढचं त्या मुलाला वाचायला सांगत. मला काही वाचून दाखवायला त्यांनी पुन्हा कधी हाक मारली नाही. मी बोलावणं येईल म्हणून कितीतरी दिवस दारापाशी पुस्तक घेऊन बसत असे. अम्मा ते बघायची आणि मला काहीतरी काम सांगून आत बोलवायची.

वर्ष-दीड वर्षानं पाक्कियम तिथं आली. तिच्याबरोबर मुरुगेसनची थोरली मुलगी होती, कयल नावाची, वेण्या घट्ट बांधलेली, डोळे मोठे. पाक्कियम फार वाळली होती. तिनं इकडचं तिकडचं काही विचारलं नाही. ती म्हणाली, की ही इंग्रजीत नापास झालीय, हिचा बाप हिला गिरणीत घालायचं म्हणतो, मी नाही म्हटलं. पास झाली तर पुढं शिकेल. अप्पा म्हणाले, की मी आता शिकवत नाही फारसा, दुसरं कुणी बघा. पाक्कियम म्हणाली, ‘माझ्या पोरीला शिकवलंत तसं शिकवा.’ आणि बसच्या वेळेला उठून गेली.

कयल हुशार होती, सेल्वीहून हुशार. तिची वाक्यं उलटी होत नसत. पहिल्या महिन्यातच ती काळ, विभक्ती, सगळं भराभर करत गेली, आणि अप्पांचा चेहरा कधी कधी क्षणभर जुन्यासारखा व्हायचा. तो धडा त्यांनी पुढं ढकलत ढकलत परीक्षा जवळ आणली. शेवटी तिनंच जुनी प्रश्नपत्रिका समोर ठेवली, त्यात तो प्रश्न होता. दिलेली वाक्यं हू आणि विच घालून कर्मणी करा. मी म्हटलं, की मी शिकवते. अप्पांनी नको म्हणून मान हलवली आणि स्वतः बसले. त्यांनी नियम सांगितला, पूर्वी सांगत तसाच, फक्त आवाज खाली होता. कयलनं मान खाली घालून सगळी वाक्यं एका दमात लिहिली आणि कागद त्यांच्यापुढं केला. एकही चूक नव्हती. प्रत्येक वाक्यात करणारा गेलेला होता आणि वाक्य त्याच्याशिवाय नीट उभं होतं. अप्पांनी लाल पेन हातात घेतलं, पण खूण करायला त्यांना वेळ लागला. कयलला वाटलं, आपलं काहीतरी चुकलं.

‘वाद्यार,’ तिनं विचारलं, ‘कुणी केलं ते नाव गाळलं तर मार्क जातात का?’

अप्पांनी तिच्याकडं पाहिलं. देवळात सायंपूजेचं वाद्य सुरू झालं होतं, त्यामुळं त्यांना ते दोनदा सांगावं लागलं.

‘नाही,’ ते म्हणाले. ‘मार्क जात नाहीत.’